चहावरच उठलो

२० नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस झाले, ही वही उशाखाली आहे आणि मी तिच्यावर डोकं ठेवून झोपतो, पण उघडत नाही. सोमवारी पेन सापडत नव्हता. मंगळवारी धानाचे भारे बांधायला गेलो, हात दुखत होते. काल पेनही होता, हातही बरे होते, तर मी मोबाइलवर उंटांचे व्हिडिओ पाहत बसलो. उंटाशी माझा काय संबंध आहे ते उंटालाही माहीत नसेल.

हैदराबादला खोलीत कोणालाच मराठी येत नव्हती, तिथे मी ही लिहायची सवय लावली. बोलायला कोणी नाही तर लिहा. इथे घरी बोलायला सगळे आहेत आणि नेमकं हेच कोणाला सांगता येत नाही.

रविवारी मी, दुर्गेश आणि टिंकू नवेगावबांधला फिरायला गेलो. म्हणजे फिरायला गेलो नव्हतो. तिथूनच सगळं बिघडतं.

जायचं होतं चिचटोल्याला, मोनालीला पाहायला. अर्जुनीच्या सुशिला आत्याने हे जुळवलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, दुकानं लागतात, दंडार, म्हणजे रात्रीचं नाच-नाटक, होतं, नातेवाईक येतात, आणि त्या गर्दीतच पोरी पाहून घेतात. पोरगा दोन मित्र घेऊन जातो आणि "मंडई पाहायला आलो" म्हणतो. पोरीकडचेही "या या, मंडई पाहायला आले" म्हणतात. पोरगी चहा आणते. सगळ्यांना सगळं माहीत असतं, कोणी तोंडाने बोलत नाही. पोरगी पसंत असली तर पोरगा जेवायला थांबतो. नसली तर चहा पिऊन उठतो, आणि कोणाची इज्जत जात नाही, मंडई पाहायला आले अन् गेले. जेवला म्हणजे हो. चहावर उठला म्हणजे नाही. इतकं सोपं आहे. मला तेवढंही जमलं नाही.

मोनालीला मागच्या वर्षी एकजण चहावर उठून गेला होता, हे आत्याने आईला सांगितलं होतं. आईने मला निघताना पुन्हा सांगितलं, "पसंत नसली तरी हसून बोलजो. पोरीच्या बापाले उशीर नको करजो. ते लोक सकाळपासून रांधून राहतात."

अल्काने, माझ्या बहिणीने, पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून दिली. फोटो आधीच आत्याकडून त्यांच्याकडे गेला होता. मी गॉगलवाला पाठवला होता, चारमिनारसमोरचा. अल्का म्हणाली, "तोंड तर दिसतच नाही त्यात." मी म्हटलं, बरंच आहे.

जेवणाची हाक आली. बाकीचं उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धुकं फार होतं त्या दिवशी. तिघं एका गाडीवर, दुर्गेशची गाडी, पुढे "जय राजा भोज"चं स्टिकर. दुर्गेश आमच्याच गोरेगावचा, मुंबईच्या नव्हे, गोंदियाजवळच्या; पोवार, म्हणून राजा भोज, पाच एकर धान त्याच्या एकट्याच्या जिवावर. टिंकू गोंदियाचा, बापाचं कापडाचं दुकान, तो मराठी समजतो सगळी आणि बोलतो हिंदी.

कोहमाऱ्यावर चहा प्यायलो. तिथून चिचटोला सरळ. मीच म्हटलं, "इतक्या सकाळी जाऊन काय करायचं? ते लोक झाडून राहिले असतील. नवेगावचं तळं पाहून जाऊ."

दुर्गेश म्हणाला, "येताना पाहू बे."

"येताना अंधार पडते."

टिंकू म्हणाला, "देख लेते हैं यार, गार्डन में दो रील बना लेंगे."

दोष टिंकूला देता आला असता, पण आधी मीच बोललो होतो. आता लिहितो आहे तर तेवढं तरी खरं लिहावं.

तळं मात्र असं होतं की काय सांगू. धुकं पाण्यावरून उठत होतं आणि पलीकडचे डोंगर अर्धेच दिसत होते, खालचे पाय कोणी कापून नेल्यासारखे. बदकं आली होती, कुठून कुठून येतात, ना त्यांना कोणी पत्ता देतं, ना कोणी "काय करता" विचारतं. उद्यानात सिमेंटचा वाघ आहे, त्याचा एक कान तुटला आहे. टिंकूने वाघावर बसून रील केली. एक बाई पोराला झोका देत होती, ती म्हणाली, "भाऊ, पोरायले बसू द्या." टिंकू उतरला.

मग मला बांधाखाली शिंगाडे काढणारे दिसले. एक म्हातारा डोंग्यात बसून वेलाखाली हात घालत होता, न पाहता, आणि शिंगाडा हातात यायचा. मी विचारलं, बसू का डोंग्यात? तो म्हणाला, बस, पण हालू नको. मी हललो. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हात टेकला तो शर्टाला पुसला, तेव्हा लक्षात आलं शर्ट कोणता आहे. म्हातारा हसला नाही. त्याने उकडलेले काळे शिंगाडे दिले आणि म्हणाला, "उन्हात वाळव, झटकला की निघते."

म्हणून उन्हात बसलो. ऊन फार छान होतं. ऊन पडल्यावर उठायचं असतं हे मला कधी जमलं नाही. सुरतेतलं कामही असंच गेलं होतं.

दुर्गेश दोनदा म्हणाला, "विवेक, दुपार होऊन राहिली."

मी म्हटलं, "शर्ट ओला आहे ना."

"शर्ट वाळला कवाचाच."

वाळला होता. पण डाग तसाच होता.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी

आई विहारात गेली आहे, म्हणून पुन्हा बसलो.

तळ्यावरून बाजारात गेलो. मीच म्हटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं. बाजारात वांगी, लाखोळीची भाजी, सुकी मासोळी, स्वेटर. तिथे काही घेतलं नाही. पुढच्या गावीही मंडई भरली होती, लाउडस्पीकर लांबूनच ऐकू येत होता, म्हणून तिकडे गेलो. फुटाणे, गोडशेव, जिलेबी, पाळणे, बांगड्या. एक माणूस यंत्राने गोंदून देत होता, मी हात पुढे केला होता, दुर्गेशने मागे ओढला.

आणि रिंगवाला होता. रिंग फेकायची, ज्या वस्तूवर पडेल ती तुमची. मधोमध कपबशी होती, निळ्या फुलांची. मी ठरवलं की हीच मोनालीला न्यायची, चहाचीच तर गोष्ट आहे. किती वेळ फेकली ते माहीत नाही. लोक जमा झाले, पोरं ओरडत होती. इतक्या लोकांसमोर आपण काहीतरी करतो आहोत असं फार दिवसांनी वाटलं. कपबशी नाही मिळाली. गुलाबी साबण मिळाला.

टिंकूने कुठूनतरी मोहाची आणली. थंडी उतरत होती. मी दोनच घोट घेतले, पण दोन घोटांचाही वास येतोच.

दुर्गेश गाडीजवळ उभा होता. म्हणाला, "आत्ता तरी चाल. उशीर झाला म्हणू, माफी मागू. तोंड धुऊन घे."

मी म्हटलं, "चल."

खरंच निघालो होतो. हे मला लिहून ठेवायचं आहे. निघालो होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहितोच.

चिचटोल्याच्या फाट्यावर मागचं चाक बसलं. सूर्य बुडायला टेकला होता, दोन्हीकडे कापलेलं धान, भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, आणि फाट्यावर चिचेचं झाड. झाडाखाली एक माणूस उभा. मफलर, पांढरा सदरा, बाजूला सायकल. इस्त्रीचा सदरा घालून कोणी फाट्यावर उभं राहत नाही, हे मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

"पंचर झाली का?" तो म्हणाला.

दुर्गेश म्हणाला, "होय काका. पंक्चरवाला कुठं भेटन?"

"गावात हाये. पण आज आमची मंडई, तो दंडारीत नाचून राहिला असन. माझं नाव सांगा, देवानंदनं पाठवलं म्हणा. येईन तो."

देवानंद म्हणजे मोनालीचे वडील. आत्याने नाव सांगितलं होतं. दुर्गेशने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या चाकाकडे पाहिलं.

दुर्गेश म्हणाला, "चाल ना विवेक, सगळेच जाऊ गावात. ढकलायला होते."

"तू जा," मी म्हटलं. "मी इथंच बसतो. पाय दुखतो."

देवानंदकाका माझ्याकडे पाहत होते. पायाकडे नाही, तोंडाकडे. मग त्यांनी तणसाचा एक पेंढा ओढून पेटवला आणि म्हणाले, "बसा मंग. शेका."

दुर्गेश गाडी ढकलत गेला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "बोल बे त्यायच्यासंगं. अजून वेळ हाये."

मी आणि टिंकू शेकोटीजवळ बसलो. टिंकूनेच विचारलं, "अंकल, आप किसका वेट कर रहे?"

"पाहुणे येणार होते. मंडई पाहायला." ते हसले. "दुपारी येणार होते. रस्ता नवा आहे त्यायले, चुकून जातील म्हणून उभा राहिलो. आमच्या टोलीचा रस्ता दिसतच नाही कोणाले."

दुपारपासून. मी बदकं पाहत होतो, रिंग फेकत होतो, तेव्हापासून हा माणूस त्या झाडाखाली उभा होता. घरी अर्धं गाव येऊन विचारत असणार, आले का पाहुणे. म्हणूनही फाट्यावर बरं वाटलं असेल त्यांना.

"पोरगा काय करतो?" टिंकूने विचारलं. त्याला कशातही गंमत वाटते.

"फिरते म्हणतात. हैदराबाद, सुरत. कुठं टिकत नाही. माझी घरची म्हणे, अशाले कायले पोरगी दाखवता? मी म्हटलं, फिरला तर फिरला. जो फिरते त्याले घर कुठं आहे ते तरी कळते." मग मला म्हणाले, "तुमचं काय काम चालते?"

मी शेकोटीत एक काडी सारली. टिंकू म्हणाला, "ये रेल्वे में है, अंकल." आणि मी मान हलवली. मी मान हलवली हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, दुर्गेशलाही नाही.

"हं," काका म्हणाले. "चांगलं हाये. गाडी वेळेवर येते का तुमची?"

रेल्वेची थट्टा सगळेच करतात. मी हसलो.

त्यांनी फोन लावला, जरा बाजूला जाऊन. मला एवढंच ऐकू आलं, "डबा पाठव... होय, तिघं... नाही, घरी नाही, इथंच." त्यांना आमची दया आली असणार. थंडीत अडकलेली तीन अनोळखी पोरं. अशी माणसं असतात. मी त्यांच्या घरच्या जेवणाची नासाडी केली आणि ते रस्त्यावरच्या कोणालाही जेवू घालत होते.

अंधार पडता पडता दुर्गेश गाडी घेऊन आला. त्याच्या मागेच एक पोरगी सायकलवर डबा घेऊन आली. तोंडाला स्कार्फ बांधलेला, वर स्वेटर. तिने पत्रावळी मांडल्या. भात, कोंबडीचा रस्सा, आणि सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, पण सुवाऱ्या म्हटल्याशिवाय ती चव येत नाही. असेल त्यांची पुतणी किंवा शेजारची. जिला पाहायला पाहुणे येणार ती पोरगी फाट्यावर डबा घेऊन थोडीच येईल. ती घरी रडत असेल असं माझ्या मनात आलं. तरी भूक लागली होती. मी खाल्लं. किती खाल्लं ते लिहायला लाज वाटते.

ती वाढायला वाकली तेव्हा मी म्हटलं, "नको ताई, बस झालं."

तिने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई म्हटलं तर मग वाढावंच लागन," ती म्हणाली, आणि दोन सुवाऱ्या टाकल्या.

दुर्गेश खाली मान घालून खोकत होता.

माझ्या खिशातून साबण पडला. काकांनी उचलला, वास घेतला. "कोणासाठी घेतला?"

टिंकू म्हणाला, "होने वाली के लिए."

"मंग तिले द्या. ठेवून नका राहू. ठेवलेला साबण वाळून जाते."

निघताना मी हात धुतले, "येतो काका" म्हटलं. ते म्हणाले, "जयभीम." मीही सवयीने "जयभीम" म्हटलं. पुढे कोहमाऱ्यावर आल्यावर मला आठवलं की आम्ही कोणीच नाव-गाव सांगितलं नव्हतं, आणि गाडीवर तर राजा भोज होता. पण ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल हात थकला म्हणून घरचं राहिलं.

घरी आलो तेव्हा आई दारात होती. एकच विचारलं, "जेवले का चहावरच उठले?"

खरं सांगायचं तर दिवसभराचं सगळं सांगावं लागलं असतं. बदकं, रिंग, मोहाची, रेल्वे. मी म्हटलं, "चहावरच उठलो."

आईने माझा शर्ट घेतला, डाग पाहिला, पाण्यात टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, "लगेच नाही म्हणणं बरं दिसत नाही. आठ दिवस जाऊ दे. मग सुशिलेला सांगू."

म्हणजे मी जिला पाहिलंच नाही तिला नाही म्हणालो. तिच्या नावावर दुसरा चहा लागला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज चिचटोल्याला जाऊन देवानंदकाकांना सांगायचं ठरवलं होतं. एसटीने कोहमाऱ्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ते पाठ करत होतो: काका, त्या दिवशी जो मुका बसला होता तो मीच. पुढची गाडी यायची होती. तिथे एक माणूस मडक्यातून मध विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो, माश्या कशा काढतात, धूर कसा करतात. गाडी आली. मी पाहिली. ती गेली. मग गोंदियाची आली आणि मी त्यात बसलो.

टिंकूच्या दुकानात गेलो. तो गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत होता. मला म्हणाला, "तू अभी तक उसी में अटका है? उनको थोड़ी पता कि तू कौन था."

हे ऐकून मला बरं वाटलं. मग घरी येईपर्यंत त्याच गोष्टीचं वाईट वाटलं. त्यांना माहीत नाही, म्हणजे त्यांनी एका परक्याला जेवू घातलं, आणि तो परका त्यांच्या पोरीला नाकारून आला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुर्गेशच्या खळ्यावर गेलो. त्याचं धान मशीनमधून काढणं चालू होतं, भुसा उडत होता. मी मदतीला हात लावला तर म्हणाला, "तू कायले आला?"

"असाच."

"असाच येतो, असाच जातो." पोतं शिवता शिवता म्हणाला. "त्या दिवशी पंक्चरवाल्याकडे बसलो होतो ना, तर देवानंदकाकाच्या घरापुढे रांगोळी होती. अंगणात खुर्च्या मांडून. दहा-बारा बाया बसून होत्या. मी कोणाचा, कुठला, कोणी विचारलं नाही. एकीनं फक्त पाणी दिलं, म्हणे पाहुणे आले का फाट्यावर? मी काय सांगू? मी म्हटलं, माहीत नाही."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याकडूनही तू खोटं बोलवून घेतलं. मले नाही जमत तसं, विवेक. तुले जमते."

मी थोडा वेळ भुसा अंगावर घेत उभा राहिलो आणि घरी आलो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने आज आत्याला फोन लावला. मी पडवीत सायकलीची चेन पुसत होतो, चेन स्वच्छच होती.

फोन ठेवून आई बाहेर आली. "विवेक, तू काय म्हणाला होता? चहावर उठलो?"

"होय."

"सुशिला म्हणते, देवानंदभाऊ म्हणून राहिले का पोरगा आला होता. जेवून गेला. पोटभर जेवला म्हणतात. तिथल्या सगळ्या लोकायले त्यायनं तसंच सांगितलं." आईने पदर कमरेला खोचला. "आता खरं कोण बोलते, ते का तू?"

मला काय झालं ते लिहिता येत नाही नीट. तो माणूस खोटं बोलत होता. माझ्यासाठी नाही, पोरीसाठी. गावात पुन्हा कोणी म्हणू नये म्हणून त्याने सांगितलं, पाहुणा आला आणि जेवून गेला. जो आलाच नाही त्याच्या नावाने. इतका सरळ माणूस, त्याला माझ्यामुळे अख्ख्या गावासमोर खोटं बोलावं लागलं. जेवलो हे खरं आहे, पण ते त्यांना कुठे माहीत. त्यांच्या हिशेबी फाट्यावर रेल्वेतला एक पोरगा जेवला.

आईला म्हटलं, "उद्या सांगतो."

"उद्या काय होते? तोंड बदलते का?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी समोर बसून तळ्यापासून सुरुवात केली. मधेच मी शिंगाडेवाल्याकडे वळलो तर आई म्हणाली, "शिंगाडे राहू दे." रिंग सांगितली. मोहाची सांगितली, तेव्हा सूप थांबलं आणि पुन्हा चालू झालं. रेल्वे सांगितली. अल्का दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यासमोर रेल्वे सांगणं सगळ्यात जड गेलं, ती मला अजून कोणीतरी समजते.

"नाव काऊन नाही सांगितलं?" आईने विचारलं.

"उशीर झाला होता. शर्टाला डाग होता."

"डागासाठी नाही."

"पोरीचा बाप विचारन, काय करतो. म्हणून तळं पाहिलं, म्हणून बाजार पाहिला. मी ओळखत नाही का तुले? शाळेतही परीक्षेच्या दिवशी तुले रस्त्यात साप दिसायचा."

साप खरंच दिसला होता एकदा.

आईने मग विचारलं, "डबा कोणी आणला होता?"

"असेल कोणी. पुतणी असेल. स्कार्फ बांधलेला होता."

आईने सूप खाली ठेवलं. अल्काकडे पाहिलं. अल्काने तोंडावर ओढणी धरली आणि आत पळाली. मला वाटलं रडते आहे, पण आतून आवाज हसण्याचा आला. माझ्या लाजेवर माझीच बहीण हसते, मग बाकीच्यांचं काय.

आई म्हणाली, "उद्या तुझे बाबा तिरोड्याच्या कामावरून येतील. त्यायच्यासंगं चिचटोल्याला जाजो. माफी मागून येजो. पसंत-नापसंत नंतर."

मी हो म्हटलं. या वेळी बाबा सोबत आहेत, म्हणजे मधे कुठे उतरता येणार नाही.

पेटीतून साबण काढून पाहिला. कडेने तडकायला लागला आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी लवकर उठलो. बाबा आले. त्यांना आईने सगळं सांगितलं असणार, कारण ते माझ्याशी फक्त गाडीच्या वेळेबद्दल बोलले. पांढरा शर्ट आईने दोनदा धुतला आहे, डाग फिका झाला पण आहे, बाहीच्या वर, हाताच्या पंज्यासारखा. दुसरा शर्ट घालू का विचारलं तर आई म्हणाली, "हाच घाल. त्यायनं हाच पाहिला आहे." कोणी पाहिला आहे असं विचारणार होतो, राहून गेलं.

साबण खिशात ठेवला. काय म्हणायचं ते ठरवलं आहे. काका, मी विवेक. मी रेल्वेत नाही. मी कुठेच नाही सध्या. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते आता मी खरं करायला आलो नाही, फक्त तुम्हाला सांगायला आलो. पोरीला माझ्यावतीने सांगा की मी तिला पाहिलंच नाही, म्हणून तिच्यात काही कमी नाही. एवढंच. मग जे बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि मधाबद्दल, बदकांबद्दल काही बोलायचं नाही.

बाबा दाढी करत आहेत. गाडीला अजून वेळ आहे, म्हणून हे लिहायला बसलो. रस्त्यावर कोणाची तरी स्कूटी थांबली आहे आमच्यासमोर. आई "या या" म्हणते आहे, आवाज वेगळाच लागला आहे तिचा. बाबा अर्ध्या दाढीनेच बाहेर गेले.

अल्का आत आली आहे आणि तिला हसू आवरत नाही. म्हणते, दादा, चिचटोल्यावरून आले. देवानंदकाका आहेत आणि सोबत एक पोरगी आहे, स्कूटी तिनेच चालवत आणली. काका म्हणतात, मंडई पाहायला आलो. मंडई तर आमच्याकडे कवाचीच झाली. आणि ती पोरगी आईला पाया पडून विचारते, जो आमच्या फाट्यावर जेवून मला ताई म्हणून गेला, तो कुठं आहे? त्याला म्हणा, आज आम्ही बसलो आहोत, चहा त्यानं आणावा.